भासऱ्याचा घसा

घसा ठणठणीत असताना मी मुद्दाम खाकरायला शिकलो, आणि पुढे ते मला विसरता आलं नाही.

लोकांचा घसा सर्दीने बिघडतो, तंबाखूने बिघडतो, उन्हातून येऊन माठातलं पाणी ढोसल्याने बिघडतो. माझा मी स्वतः तालीम देऊन बिघडवला. एवढा मेहनती रोगी नागपुरात दुसरा झाला नसावा.

झालं असं, की धाकट्या भावाचं लग्न ठरलं. तो शाळेत असतानाच वडील गेले होते. त्याला मी शिकवलं, डिप्लोमा करवला, आणि कोराडीचं वीजकेंद्र नवंनवं होतं तेव्हा तो तिथे चिकटला म्हणून सगळ्या कचेरीत पेढे वाटले. सकाळी बसने जायचा, संध्याकाळी राखेने पांढऱ्या भुवया घेऊन यायचा. मुलगी पारशिवनीकडची, शेतकऱ्याघरची. साखरपुडा आटोपला आणि आईने मला बाजूला घेतलं.

"आता तू भासरा होशीन," ती म्हणाली. "घरात येताना खाकरून येत जाजो. सुनेले पदर घ्यायले टाइम भेटला पाहिजे."

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे भावसुनेने त्याच्यासमोर उघड्या डोक्याने यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, आणि त्याने तिच्याकडे मान वर करून पाहायचं नाही. मग तो आला हे त्या बाईला कळावं कसं? तर खाकरण्यावरून. दारात खाकर ऐकू आली की ती पदर सावरून आत सरकते, मग हे महाशय आत येतात.

वडिलांची खाकर मला आठवत होती. ते गल्लीच्या तोंडाशी खाकरायचे आणि ओट्यांवर बसलेल्या बायका घरोघर उठायच्या. मी अंगाने काडी, आवाज पिपाणीसारखा. आरशासमोर एकदा खाकरून पाहिलं, तर बायकोने आतून विचारलं, "काय वं मा, मांजर आलं का घरात?"

म्हणून मी तालमीला लागलो. रविवारी सकाळी सायकल काढून अंबाझरी तलावाच्या काठी जायचं आणि पाण्याकडे तोंड करून खाकरायचं. पोटातून, छातीतून, नाकातून, सगळे प्रकार करून पाहिले. तिथे एक गृहस्थ म्हशी धुवायला आणत. पहिल्या रविवारी त्यांनी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या रविवारी जवळ आले.

"काय गा भाऊ, काटा अडकला का मासोळीचा?"

"नाही हो. भावाचं लग्न आहे."

त्यांनी म्हशी जरा पलीकडे नेल्या.

लग्नापर्यंत माझी खाकर तयार झाली. आधी एक बारीक, मग थोडं थांबून एक मोठी, आणि तिच्या शेवटाला 'ह्म्म' अशी शेपूट. नवी सून घरात आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून आलो, दारात उभा राहिलो आणि दिली ठेवून. आत पितळी डबा पडला, बांगड्या किणकिणल्या, आणि मागच्या अंगणाकडे कोणीतरी पळालं. मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा बाहेर गेलो आणि पुन्हा खाकरत आत आलो.

आता आमचं घर. तीन खोल्या, एकीमागे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या. पुढे बैठक, मधे निजायची खोली, मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागे अंगणात नळ, मोरी, संडास. हात धुवायचा तरी स्वयंपाकघरातून जावं लागे. म्हणजे जाताना खाकर, येताना खाकर. सकाळी तोंड धुवायला खाकर, आंघोळीला खाकर. लोटा घेऊन निघालो की दोनदा, कारण घाई असे.

पहिल्या हिवाळ्यात सर्दी झाली. सर्दी गेली, पण घशात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटू लागलं. गिळलं तर जाईना, थुंकलं तर येईना. मग खाकरायचं. खाकरलं की क्षणभर सुटल्यासारखं वाटे, आणि पुन्हा तेच जागच्या जागी. हळूहळू असं झालं की आता मी खाकरत नसे, खाकरणं मला खाकरत असे. बैठकीत पेपर वाचताना, पानावर बसलो असताना, साहेबांपुढे फाइल धरताना.

कचेरीत एवढंच झालं की साहेब म्हणाले, "बोला, काय म्हणायचं ते बोलून टाका." घरात मात्र ते भलत्याच ठिकाणी लागत होतं. मी बैठकीत आपल्या घशासाठी खाकरायचो आणि आत ती आपल्या डोक्यावर पदर ओढून उठायची. जेवत असली तर हातातला घास ताटात टाकून मागच्या अंगणात जायची. मी येतच नसे. थोडा वेळ थांबून ती परत येऊन बसे, की मी पुन्हा. मला यातलं काही दिसत नव्हतं. दिसायचं नाही, हाच तर नियम. मला तिच्या फक्त बांगड्या ओळखू येत.

सांगितलं ते बायकोने.

"थे पोरगी घास घेते अन् उठते, घास घेते अन् उठते. पाहिलं का तुम्ही तिले, किती वाळली ते?"

"मी कसा पाहू? मी भासरा आहे."

"मग भासरेपण जरा कमी करा."

भावसुनेची आई पारशिवनीहून आली. दोन दिवस राहिली, जाताना दारात माझ्या आईला म्हणाली, आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "माह्या पोरीच्या गळ्याखाली घास उतरत नाही, अन् दुखणं म्हणे भासऱ्याच्या गळ्याले."

त्यानंतर एका संध्याकाळी भाऊ बैठकीत माझ्यासमोर येऊन बसला. बूट काढले, मोज्यातली राख झटकली.

"दादा, मले तुले बोलायचं नव्हतं," तो म्हणाला. "कोराडीले क्वार्टर भेटून राहिलं मले. मी सहा महिन्यांपासून नाही म्हणून राहिलो. आई म्हणते दोघं भाऊ एका चुलीवर राहा. पण दिवाळीपर्यंत तुझा घसा बरा कर. नाही झाला, तर मी घेतो क्वार्टर."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खाकरलो. आतून बांगड्या अंगणाकडे गेल्या. भाऊ उठून गेला.

वडील गेल्यापासून मी एकच गोष्ट मनाशी धरली होती, की हे घर फुटू द्यायचं नाही. आईची इच्छाही तीच. आणि आता ते दारूने नाही, जुगाराने नाही, शेताच्या बांधावरून नाही, तर माझ्या घशातल्या, थुंकूनही न येणाऱ्या कशामुळे तरी फुटणार होतं. लोकांना कारण सांगायची सोय नाही.

मग सुरू झाले उपचार. कचेरीतल्या प्रत्येक टेबलावर एक वैद्य बसला होता. ज्येष्ठमध चघळला. खडीसाखर नि मिरी चघळली. हळद-मिठाच्या गुळण्या केल्या, तुरटीच्या केल्या, त्याने जीभ अशी आखडली की दिवसभर मला 'साहेब' म्हणता येईना. लवंग दिव्यावर भाजून तोंडात धरली, ओठ भाजला. महालातल्या एका वैद्याने नाडी धरली आणि म्हणाला, "कफ जुना आहे." माझा कफ जुना आहे हे ऐकून मला उगाच अभिमान वाटला. एका डॉक्टरने कापसाच्या बोळ्याने घशात तपकिरी औषध फासलं. ओकारी आली. आठवडाभर सगळ्या जेवणाला त्या औषधाची चव होती.

प्रत्येक औषधाने बरं वाटे, संध्याकाळपर्यंत.

खाकरण्याऐवजी दुसरी काही खूण करावी, हेही सुचलं. दारात "आलो" म्हणून हाक मारली, तर आई म्हणाली, "सुनेवर ओरडून राहिला का?" मग मी सायकलची घंटी काढून खिशात ठेवली. दारात ट्रिंग, मधल्या खोलीत ट्रिंग, मोरीकडे जाताना ट्रिंग. पहिल्याच दिवशी गल्लीतली पोरं कुल्फीवाला आला म्हणून वाट्या घेऊन दारात जमली. आईने घंटी काढून घेतली. "तुह्या बापाने कधी घंटी वाजवली होती का?"

दसरा झाला तेव्हा शेवटी रामदासपेठेतल्या घशाच्या डॉक्टरकडे गेलो. कपाळावर गोल आरसा, हातात लांब दांडीचा दुसरा आरसा. माझी जीभ त्यांनी फडक्यात धरून बाहेर ओढली.

"ई म्हणा."

जीभ दुसऱ्याच्या हातात असताना ई म्हणणं सोपं नाही. मी बकरीसारखा काहीतरी आवाज काढला.

"कफ कुठे आहे हो?" ते म्हणाले.

"असेल ना, साहेब. रोज अडकतो."

"मी पाहून राहिलो ना. नाहीये. खाकरायला केव्हापासून लागलात?"

"भावाचं लग्न ठरल्यापासून."

त्यांनी कपाळावरचा आरसा वर सरकवला. मी मग सगळं सांगितलं, अंबाझरीसुद्धा. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

"हे पहा," ते म्हणाले, "आवाजाच्या दोन पट्ट्या असतात. खाकरलं की त्या एकमेकींवर आपटतात. आपटून सुजतात. सुजल्या की काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं. वाटलं की तुम्ही परत आपटता. कफ नाही, काही नाही. तुमचं खाकरणं हाच तुमचा रोग." मग विचारलं, "रात्री जेवून लगेच आडवे होता?"

"होतो."

"जेवण तिखट?"

"नागपूरचा आहे, साहेब."

"मग पोटातलं आंबटही वर येत असेल, तेही घशाला लागतं. जेवणानंतर दोन तास आडवं व्हायचं नाही. खाटेचं डोकं विटा लावून उंच करा. वाफ घ्या. आणि खाकरायचं नाही. वाटलं की घोटभर पाणी घ्या नि गिळून टाका."

"पण खाकरलो नाही तर घरात जाऊ कसा?"

"ते माझ्या विषयात येत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं.

घरी येऊन मी विटा लावल्या. सकाळी उठलो तो डोकं जड, तोंड सुजलेलं. बायकोने खाटेकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. विटा मी पायथ्याला लावल्या होत्या.

तेवढं सोडलं तर मी शहाण्यासारखा वागलो. पाण्याची बाटली जवळ ठेवली. घशात उसळलं की घोट, उसळलं की घोट. पहिले दिवस फार वाईट गेले, डोळ्यांत पाणी येई. पण हळूहळू घोटांमधलं अंतर वाढलं. घरात मी शक्यतो बैठकीतच राही, आणि मागे जायचं असलं की बायको पुढे जाऊन सांगे. दिवाळी जवळ आली होती. एक दिवस कचेरीत जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला पाणीही लागलं नाही. मी हात टेबलावर ठेवून बसून राहिलो. घशात काहीच नव्हतं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा मी घसा विसरलो होतो.

मी साहेबांना डोकं दुखतं म्हणून सांगितलं आणि घराकडे निघालो. आईला सांगायचं होतं, आजपासून तुझी दोन्ही पोरं इथेच. वाटेत गोकुळपेठेतून पावशेर संत्रा बर्फी घेतली.

दारात आलो. जुन्या सवयीने घशात उसळलं. मी बाटली काढली, घोट घेतला आणि शूरासारखं ते गिळून टाकलं.

आणि आतून मी खाकरलो.

म्हणजे मी नाही. पण खाकर माझी होती. आधी बारीक, मग थोडं थांबून मोठी, शेवटाला 'ह्म्म'. पाठोपाठ हसण्याचा लोट. बायको हसत होती, आणि आई हसत होती. वडील गेल्यानंतर आईला एवढं हसताना मी ऐकलं नव्हतं. मी चपला काढून मधल्या खोलीतून गेलो आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

भावसून पाटावर उभी होती. नुकतीच न्हालेली, केस मोकळे, पदर कमरेला खोचलेला. एक हात मागे, छाती पुढे काढून, माझ्यासारखी मान आखडून ती तिसऱ्यांदा खाकरायच्या बेतात होती. समोर ताट होतं, अर्धं जेवलेलं. लग्नानंतर तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. हसरा होता.

मग तिने मला पाहिलं.

या वेळी माणसाने काय करावं? मान खाली घालून मागे फिरावं. बर्फीचा पुडा ठेवून हसावं. मी तिथेच उभा राहून, तिच्याकडे पाहत, खाकरलो. पूर्ण, शेपटीसकट.

ती किंचाळली नाही. पदर शोधत अंगणाकडे गेली, जाताना पायाने ताकाने भरलेला गंज उलटला. ताक वाहत माझ्या पायाशी आलं. आईचं हसणं केव्हाच थांबलं होतं.

"काहून आला तू असा चोरासारखा?" ती म्हणाली. "दिवसभर खाकरून खाकरून जीव घेतला आमचा. अन् आज खाकरता नाही आलं तुले?"

"आई, घसा बरा झाला माझा."

"आग लागो तुह्या घशाले. सुनेले मोकळ्या केसानं पाहिलं तू."

भावसून त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराबाहेर आली नाही. भासऱ्याने उघड्या डोक्याने पाहिलं याची लाज, की नक्कल करताना सापडल्याची, की अख्ख्या घरात तेवढी एकच जागा हसायची होती आणि तिथेही मी येऊन उभा राहिलो, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मला विचारता येत नव्हतं. भावाने दिवाळीची वाट पाहिली नाही. एका सकाळी टेम्पो दारात आला. गाद्या, ट्रंक, पाटा-वरवंटा, सगळं चढलं. ती मागच्या दाराने जाऊन गल्लीच्या तोंडाशी टेम्पोत बसली, म्हणजे माझ्यासमोरून जायला नको. मी बैठकीत बसून होतो आणि खाकरत होतो.

हो, परत आलं. ज्या दुपारी मी ताकात उभा राहून खाकरलो त्या दुपारपासून. पाणी गिळलं, वाफ घेतली, विटा बरोबर ठिकाणी लावल्या. पण आता घशाला मी सांगितलेलं ऐकायचं काही कारण उरलं नव्हतं. घर मोकळं होतं. मागे मोरीकडे जाताना कोणी पदर सावरत नव्हतं, कोणी ताटावरून उठत नव्हतं, आणि मी जाताना एकदा, येताना एकदा खाकरतच होतो.

"आता कोणाले सांगून राहिले?" बायको एकदा चुलीपासून म्हणाली.

कोराडीला तिला मुलगा झाला. आई बारशाला जाऊन आली आणि त्यानंतर मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. जेवायची कमी, बोलायची त्याहून कमी. दमा नव्हता, ताप नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात तिने मला जवळ बोलावलं. "भावाले परत घरी घेऊन ये," एवढंच म्हणाली.

मी कोराडीची बस धरली. दगडी कोळशाच्या ट्रकांमागे बस सरपटत होती. खिडक्या लावल्या तर भाजून निघायचं, उघडल्या तर राख खायची. कॉलनीतले क्वार्टर एकसारखे, सगळ्यांच्या पत्र्यांवर नि झाडांवर एकच करडा रंग. भाऊ दाराशी उभा होता. मला त्याने खुर्ची दिली, आत वळून पाहिलं, आणि स्वतः मोरीत जाऊन हात धुऊन आला. बाजेवर लेकरू झोपलं होतं. झोपेत बारीक खोकत होतं.

मी आईचं सांगितलं. भावाने मान खाली घातली. स्वयंपाकघराच्या दारावर पडदा होता, त्याच्यामागे बांगड्या स्तब्ध होत्या. तो पडद्याकडे पाहत होता.

"आईचं ऐक," मी म्हणालो. "घर आहे तिकडे, माणसं आहेत. इथे काय आहे? राख आहे नुसती. सकाळी पुसा, दुपारी परत थर. लेकराच्या घशाचा तरी विचार कर. या राखेने घसा जाईल त्याचा. घशाचं दुखणं एकदा लागलं की काय होतं ते मला विचार..."

बोलता बोलता घशात उसळलं. बाटली आणायची विसरलो होतो. खाकरलो.

पडदा हलला. मला वाटलं, ती मागच्या दाराने निघाली. पण बांगड्या पुढे आल्या. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं होतं, आणि हातात पाण्याचा पेला. तो तिने माझ्यासमोर स्टुलावर ठेवला. तिच्या लग्नानंतर तोवर एक शब्द आमच्यात झाला नव्हता. भाऊ उठून उभा राहिला.

"आईले आम्ही इथं आणतो, भाऊजी," ती माझ्याकडे सरळ पाहत म्हणाली. "आम्ही नाही येत. इथची राख परवडली. थे घरात येते, पण खाकरत नाही येत."